समुद्रकिनारी सहलीचा उन्हाळी पोशाख

समुद्रकिनारी सहलीचा उन्हाळी पोशाख म्हणजे उन्हाळ्याच्या महिन्यांत किनाऱ्यावर दिवसभर फिरण्यासाठी वापरले जाणारे कपडे, शिरस्त्राण व पादत्राणे यांचा संच होय. ऊन, वारा, खारे पाणी आणि दमट हवा या चारही गोष्टींना तोंड देणे, शरीराला मोकळीक देणे आणि सार्वजनिक ठिकाणी नेटके दिसणे ही या पोशाखाची प्रमुख प्रयोजने मानली जातात. महाराष्ट्राला अरबी समुद्राचा सुमारे ७२० किमी लांबीचा किनारा लाभला असला, तरी राज्याचा बहुतांश भूभाग सह्याद्रीच्या पूर्वेस आहे. त्यामुळे किनाऱ्यावर सहलीसाठी येणाऱ्यांपैकी अनेकांचा नेहमीचा उन्हाळी पोशाख कोरड्या उष्णतेसाठी घडलेला असतो. जळगाव जिल्ह्यातील जामनेर व एकूणच खानदेश हे अशा कोरड्या, कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाचे ठळक उदाहरण आहे. खानदेशातील उन्हात उपयोगी पडणारा पोशाख समुद्रकिनारी जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. या फरकाचे कारण दोन्ही प्रदेशांतील हवेच्या आर्द्रतेत आहे.

## हवामान आणि पोशाख

### खानदेशातील कोरडी उष्णता

जामनेर हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून ते तापी खोऱ्यात, अजिंठा डोंगररांगेच्या उत्तरेस वसले आहे. जळगाव, भुसावळ व जामनेर या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे कमाल तापमान अनेकदा ४२ ते ४५ अंश सेल्सियसपर्यंत जाते. या काळात दुपारी हवेतील आर्द्रता बरीच कमी असते.

मानवी त्वचेचे तापमान साधारणतः ३५ अंशांच्या आसपास असते. भोवतालची हवा त्याहून गरम झाली की उघड्या अंगाला हवेकडूनच उष्णता मिळू लागते. अशा वेळी अंगावरचे सैल सुती कापड ऊन आणि गरम झोत या दोहोंपासून आडोसा देते. हवा कोरडी असल्याने घाम झटपट वाळतो व शरीर थंड राहते. म्हणूनच खानदेशात उन्हात निघताना अंग उघडे टाकण्याऐवजी झाकण्याची रीत आहे. पुरुष डोक्याला व कानांना रुमाल किंवा उपरणे गुंडाळतात, शेतात काम करणाऱ्या स्त्रिया लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतात, तर दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणी व महिला तोंडाला स्कार्फ बांधून अंगात पूर्ण बाह्यांचा सनकोट घालतात.

### किनाऱ्यावरील दमट उष्णता

कोकण किनाऱ्यावर मे महिन्यात कमाल तापमान बहुधा ३३ ते ३४ अंशांच्या आसपास असते. तापमापकावरील आकडा खानदेशापेक्षा जवळपास दहा अंशांनी कमी दिसतो. मात्र हवेत बाष्प भरपूर असल्याने घाम वाळत नाही, तो अंगावरून ओघळतो. शरीर थंड होते ते घामाच्या बाष्पीभवनाने. घाम नुसता ओघळून गेल्यास फारसा थंडावा मिळत नाही.

हा फरक आर्द्र कंद तापमानावरून स्पष्ट होतो. तापमापकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून त्यावरून वारा जाऊ दिला असता जे तापमान मिळते, त्यास आर्द्र कंद तापमान म्हणतात. त्या हवेत बाष्पीभवनाने किती थंडावा मिळू शकेल, याची मर्यादा त्यातून कळते.

| घटक | कोरडी दुपार (खानदेशातील नमुना) | दमट दुपार (किनाऱ्यावरील नमुना) |
|---|---|---|
| हवेचे तापमान | ४३ अंश से. | ३३ अंश से. |
| सापेक्ष आर्द्रता | २० टक्के | ७० टक्के |
| आर्द्र कंद तापमान (अंदाजे) | २५ अंश से. | २८ अंश से. |
| घामाची स्थिती | लगेच वाळतो | अंगावर साचतो |
| पोशाखाचे मुख्य काम | ऊन व गरम हवा अडवणे | वारा खेळू देणे, ऊन अडवणे |

भारतीय हवामान विभागाच्या निकषांतही हा भेद दिसतो. मैदानी भागातील केंद्रासाठी उष्णतेच्या लाटेचा विचार कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्यावर होतो, तर किनारी केंद्रासाठी ही मर्यादा ३७ अंश आहे. दोन्ही ठिकाणी तापमान सरासरीपेक्षा किती वाढले आहे, हेही पाहिले जाते.

### डोक्यावरचा सूर्य

कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील ठिकाणी वर्षातून दोनदा सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. त्यास शून्य सावलीचा दिवस म्हणतात. मुंबईच्या अक्षांशावर हा दिवस मेच्या मध्यास, तर जामनेरच्या अक्षांशावर मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. मे महिन्यात किनाऱ्यावर सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास माथ्यावर असतो. या वेळी माथा, नाक, खांदे व पावलांचा वरचा भाग यांवर सर्वाधिक ऊन पडते. किनाऱ्यावर ऊन खालूनही येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, तर लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परावर्तित करतो. त्यामुळे छत्रीखाली बसल्यावरही त्वचा भाजू शकते.

## इतिहास

### अजिंठा

जामनेर तालुक्याच्या दक्षिणेस, वाघूर नदीच्या घळीत अजिंठ्याची लेणी आहेत. पाचव्या शतकातील येथील भित्तिचित्रांत पट्ट्यापट्ट्यांची व नक्षीदार अधोवस्त्रे, अंगाची ठेवण दिसेल इतकी तलम वस्त्रे आणि शिवलेले अंगरखे असे पोशाखाचे विविध प्रकार आढळतात. लेणे क्रमांक २ मधील जहाजाचे दृश्य आणि लेणे क्रमांक १७ मधील सिंहल अवदानाच्या चित्रमालिकेतील समुद्रप्रवास यांवरून, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या भागात सागरी प्रवासाच्या कथा परिचित होत्या, हे कळते.

### बुऱ्हाणपूर आणि सुरत

मोगल काळात खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे तापीकाठचे बुऱ्हाणपूर हे होते. तेथील तलम सुती कापड प्रसिद्ध होते. सतराव्या शतकात भारतात आलेला फ्रेंच प्रवासी व व्यापारी तावर्निए याने बुऱ्हाणपूरच्या झिरझिरीत कापडाचा आणि ते इराण, तुर्कस्तान आदी देशांत जात असल्याचा उल्लेख केला आहे. हा माल सुरत बंदरातून समुद्रमार्गे बाहेर जाई. उष्ण प्रदेशांत हे कापड बुरखे, ओढण्या व हलक्या उन्हाळी वस्त्रांसाठी वापरले जात असे.

### कापूस आणि गिरण्या

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) ब्रिटनला होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा खंडित झाला व खानदेशी कापसाला मोठी मागणी आली. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग खानदेशात पोहोचला. जळगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ बनली. पुढे जळगाव, अमळनेर व धुळे येथे कापड गिरण्या सुरू झाल्या. जामनेर तालुक्याला पाचोरा येथे मुख्य मार्गाशी जोडणारा पाचोरा–जामनेर हा अरुंदमापी लोहमार्गही याच कापूसपट्ट्यातून जात असे. गिरणीतील स्वस्त कापडामुळे मांजरपाट, लट्ठा, वायल ही नावे घरोघरी पोहोचली आणि उन्हाळ्यासाठी वेगळे हलके कपडे शिवून घेणे सामान्य कुटुंबांनाही शक्य झाले.

### खादी

स्वातंत्र्य चळवळीत पांढऱ्या खादीला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळाली. ६ एप्रिल १९३० रोजी दांडीच्या किनाऱ्यावर आणि त्यानंतर मे १९३० मध्ये कोकणातील शिरोडा येथे झालेले मिठाचे सत्याग्रह ऐन उन्हाळ्यात व समुद्रकाठीच झाले. खादीचा सदरा, धोतर व टोपी हा तेथील सत्याग्रहींचा पोशाख होता. डिसेंबर १९३६ मध्ये तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. त्यानंतर खानदेशाच्या खेड्यापाड्यांत पांढरा सदरा व टोपी हा मान्यवर पुरुषी पोशाख म्हणून अधिकच रूढ झाला.

### पोहण्याचा पोशाख आणि चित्रपट

पोहण्यासाठी वेगळा पोशाख असावा, ही कल्पना महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरी वर्गात रुजू लागली. मास्टर विनायक दिग्दर्शित व प्र. के. अत्रे लिखित 'ब्रह्मचारी' (१९३८) या मराठी चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर यांनी एका गीतदृश्यात पोहण्याचा पोशाख परिधान केला. तत्कालीन समाजात त्यावर मोठी चर्चा झाली आणि चित्रपट गाजण्याचे ते एक कारण ठरले. पुढे नूतन यांनी 'दिल्ली का ठग' (१९५८) आणि शर्मिला टागोर यांनी 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस' (१९६७) या हिंदी चित्रपटांत असे पोशाख वापरले. या चर्चांनंतरही बहुसंख्य मराठी कुटुंबे किनाऱ्यावर नेहमीच्या कपड्यांतच वावरत राहिली. आजही जुहू, अलिबाग वा गणपतीपुळे येथे साडी, पंजाबी ड्रेस, कुर्ता किंवा अर्ध्या विजारीतच पाण्यात उतरणारे लोक मोठ्या संख्येने दिसतात.

## किनाऱ्यावरील पारंपरिक पोशाख

किनाऱ्यावर राहणाऱ्या समाजांचा पोशाख पाणी, वाळू व दमट हवा यांना अनुसरून घडला आहे. कोळी स्त्रिया लुगडे कासोटा घालून गुडघ्यापर्यंत आखूड नेसतात. त्यामुळे उथळ पाण्यात चालताना किंवा होडीतील मासळी उतरवताना कापड पायांत अडकत नाही. कोळी पुरुष कमरेला चौकड्यांचा त्रिकोणी सुरका गुंडाळत. त्यात पाय मोकळे राहतात आणि भिजलेले कापड वाऱ्यावर लगेच सुकते.

गोव्यात कुणबी समाजातील स्त्रिया लाल चौकड्यांची जाड सुती साडी गुडघ्याच्या खाली येईल इतपत आखूड नेसून खांद्यावर गाठ मारीत. ही साडी जवळपास लुप्त झाली होती. तिला पुन्हा प्रकाशात आणण्यात गोमंतकीय वस्त्रअभिकल्पक वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांचा मोठा वाटा आहे. सैल बेताचे, फारशी नक्षी नसलेले, पांढऱ्या व फिकट रंगांतील सुती आणि लिननचे कपडे ही त्यांची ओळख होती. भारतात सुटीच्या पोशाखाला स्वतंत्र शैली म्हणून मान्यता मिळवून देणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. त्यांना २०१४ साली पद्मश्री पुरस्काराने गौरवण्यात आले.

## कापड

### तंतूंचे गुणधर्म

कापड हवेतील किती ओलावा धरून ठेवते, यावर त्याचा उन्हाळी उपयोग अवलंबून असतो. प्रमाणित परिस्थितीत (२० अंश से., ६५ टक्के आर्द्रता) कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, लिनन सुमारे १२ टक्के, व्हिस्कोस रेयॉन ११ ते १३ टक्के, तर पॉलिएस्टर केवळ ०.४ टक्के ओलावा शोषून घेते.

* सुती: घाम शोषते व त्वचेला सुखकर असते. मात्र जाड सुती कापड दमट हवेत सावकाश वाळते आणि अंगाला चिकटते. त्यामुळे किनाऱ्यासाठी मलमल, वायल किंवा विरळ विणीची खादी अधिक सोयीची ठरते.
* लिनन: जवसाच्या जातीच्या झाडाच्या खोडापासून मिळणारा हा तंतू काहीसा ताठ असतो. कापड अंगापासून सुटे राहते व वारा आत खेळतो. ते लवकर चुरगळते, परंतु या कापडाच्या चुण्या शोभेचाच भाग मानल्या जातात.
* रेयॉन: मऊ व झुळझुळीत असते. भिजल्यावर त्याची ताकद बरीच कमी होते आणि ते जड होऊन लोंबते, म्हणून पाण्यात उतरण्यासाठी गैरसोयीचे असते.
* पॉलिएस्टर व नायलॉन: पाणी शोषत नसल्याने लवकर सुकतात. पोहण्याचे कपडे बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये ताणले जाणारे धागे मिसळून केले जातात. दिवसभर अंगात ठेवण्यासाठी मात्र घट्ट विणीचे कृत्रिम कापड दमट हवेत त्रासदायक ठरते.
* डेनिम: जीन्ससाठी वापरले जाणारे डेनिम प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅमहून अधिक वजनाचे असू शकते, तर मलमल शंभर ग्रॅमहूनही हलकी असते. भिजलेली जीन्स दमट हवेत दिवसभरात वाळत नाही व मांड्यांना घासते.

### खळ आणि नीळ

खानदेशात पांढरे सुती कपडे नीळ घालून व खळ देऊन कडक इस्त्री करण्याची पद्धत आहे. कोरड्या हवेत खळीमुळे कापड ताठ राहते, अंगापासून सुटते व आतून वारा फिरतो. किनाऱ्यावर हीच खळ बाष्प शोषून नरम होते आणि सदरा काही वेळातच चिकट व मरगळलेला दिसू लागतो. त्यामुळे समुद्रकाठी बिनखळीचे, धुऊन मऊ झालेले कापड अधिक उपयुक्त ठरते.

### भारतीय कापडांची जागतिक नावे

युरोप-अमेरिकेतील उन्हाळी पोशाखाच्या शब्दसंग्रहात भारतीय उपखंडाचा मोठा वाटा आहे. 'पायजमा' हा शब्द हिंदुस्थानीतून इंग्रजीत गेला. 'डंगरी' या पोशाखाचे नाव मुंबईच्या बंदरालगतच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड सुती कापडावरून आले, असे मानले जाते. सुरकुत्यांच्या पट्ट्यांचे 'सीअरसकर' हे कापड भारतातून पाश्चात्त्य देशांत पोहोचले. त्याचे नाव 'दूध आणि साखर' या अर्थाच्या फारसी शब्दांवरून आले आहे. त्यातील उंचसखल पट्ट्यांमुळे कापड त्वचेला सर्वत्र चिकटत नाही, हा त्याचा दमट हवेतील गुण आहे.

## पोशाखाची रचना

### सैलपणा व रंग

फिकट रंग प्रकाश अधिक परावर्तित करतात, म्हणून उन्हाळ्यात पांढरा, मोतिया, फिकट निळा असे रंग पसंत केले जातात. परंतु रंगाइतकेच महत्त्व सैलपणाला आहे. वाळवंटातील बदाऊनी लोक काळे झगे का वापरतात, याविषयी १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काळ्या व पांढऱ्या झग्यांत शरीरापर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच आढळली. काळ्या कापडाने घेतलेली जादा उष्णता झग्याच्या आतील हवेच्या प्रवाहाने त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जात होती. घट्ट काळ्या कपड्यांना हे लागू पडत नाही.

अतिनील किरण अडवण्याची कापडाची क्षमता वीण, जाडी, रंग व ओलेपणा यांवर ठरते. पातळ पांढरा सुती कपडा या बाबतीत फारसा समर्थ नसतो आणि भिजल्यावर त्याची क्षमता आणखी घटते. घट्ट विणीचे किंवा गडद रंगाचे कापड अधिक किरण अडवते. त्यामुळे किनाऱ्यावरील पोशाखात हलकेपणा आणि संरक्षण यांचा मेळ घालावा लागतो. पातळ कपड्यावर सैल ओढणी किंवा उपरण्याचा दुसरा थर घेणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

### स्त्रियांचा पोशाख

सैल सुती कुर्ता व पलाझो, घोट्यापर्यंतचा घेरदार झगा, कफ्तान, लिननचा शर्ट व सैल विजार हे प्रकार सध्या प्रचलित आहेत. चौकोनी कापडाचा कफ्तान बाजूंनी मोकळा असल्याने समुद्रावरून येणारा वारा त्यात खेळतो. सुती-रेशमी माहेश्वरी किंवा चंदेरी साड्या हलक्या व शोभिवंत असतात, परंतु रेशमाला घाम व खारे पाणी मानवत नाही. वाळूत फिरण्यासाठी साडी नेसायची असल्यास ती घोट्याच्या वर ठेवणे किंवा नऊवारी कासोट्याने नेसणे सोयीचे ठरते. ओढणी हे या पोशाखातील सर्वाधिक उपयोगी वस्त्र आहे. ती डोक्यावर, खांद्यांवर किंवा ओल्या कपड्यांवरून कमरेभोवती गुंडाळता येते.

### पुरुषांचा पोशाख

बिनकॉलरचा किंवा उघड्या गळ्याचा सैल शर्ट, सुती कुर्ता, नाडीची विजार व गुडघ्यापर्यंतची अर्धी विजार हे प्रकार सर्रास वापरले जातात. शर्टाच्या बाह्या लांब ठेवून हव्या तेव्हा दुमडल्यास ऊन व वारा या दोन्हींचा मेळ साधता येतो. खानदेशात खांद्यावर टाकला जाणारा पंचा किंवा उपरणे किनाऱ्यावरही टाकाऊ ठरत नाही. मात्र कान व तोंडाभोवती घट्ट गुंडाळण्याऐवजी ते डोके व मान यांवर सैल सोडले जाते.

### शिरस्त्राण

पांढरी टोपी माथ्याला सावली देते, पण कान, मान व नाक उघडे राहतात. फेटा व पटका कान-मान झाकतात, तथापि दमट हवेत त्यांखाली घाम साचतो. सर्व बाजूंनी रुंद कड असलेली गवती अथवा सुती टोपी किनाऱ्यासाठी सर्वाधिक योग्य समजली जाते. मध्यान्हीच्या उभ्या उन्हात अशा टोपीची सावली चेहरा, कान व मानेवर पडते. दुपारी समुद्रावरून येणारा वारा जोराचा असल्याने टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी असणे उपयोगी असते.

### पादत्राणे

भर दुपारी कोरडी वाळू तळपाय पोळण्याइतकी तापते, तर भरतीच्या रेषेजवळ शिंपल्यांचे तुकडे, काचा व खडक असतात. म्हणून अनवाणी फिरण्यापेक्षा रबरी चप्पल किंवा मागे पट्टा असलेली सँडल वापरली जाते. कोल्हापुरी चप्पल उन्हाळी पोशाखाला शोभून दिसते. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील पुरुषांच्या उन्हाळी संग्रहात तिच्याशी साम्य असलेली पादत्राणे दाखवल्याने मूळ कारागिरांच्या श्रेयाची चर्चा झाली. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले तिचे चामडे खाऱ्या पाण्याने कडक होते व तडकते. त्यामुळे ही चप्पल गावात व देवळात जाण्यास योग्य, परंतु पाण्याच्या कडेला अयोग्य ठरते.

## खानदेशातून किनारी सहल

तापी नदी सातपुड्याच्या परिसरात मुलताई येथे उगम पावून खानदेशातून पश्चिमेस वाहत सुरतजवळ अरबी समुद्रास मिळते. अजिंठ्याच्या डोंगरांतून येणारी वाघूर नदी जामनेर तालुक्यातून जाऊन तापीला मिळते. नदीच्या या वाटेला समांतर जाणारा जळगाव–सुरत लोहमार्ग सुमारे ३०० किमी लांबीचा आहे. मुंबई जळगावपासून लोहमार्गाने ४०० किमीहून अधिक अंतरावर आहे. त्यामुळे खानदेशातून किनाऱ्यावर एका दिवसासाठी जायचे म्हटले, तरी त्याला बहुधा एक किंवा दोन रात्रींच्या प्रवासाची जोड द्यावी लागते.

अशा सहलीत एकाच पोशाखाला तीन परिस्थिती अनुभवाव्या लागतात: घर ते स्थानक हा कोरडा उष्ण टप्पा, रात्रीचा गाडीतील प्रवास आणि किनाऱ्यावरील दमट दिवस. त्यासाठी पोशाखाचे थर करणे व्यवहार्य ठरते. सुती सैल कुर्ता किंवा शर्ट हा मूळ थर, प्रवासात अंगावर घेण्यास ओढणी वा उपरणे, पाण्यात उतरण्यासाठी लवकर वाळणारे आखूड कपडे आणि परतीसाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड, इतका संच एका दिवसास पुरतो. खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे अंगावरच वाळल्यास मिठाचे कण कापडात राहतात. ते हवेतील बाष्प पुन्हा ओढून घेत असल्याने कपडे ओलसर राहतात व त्वचेला काच पडतो. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुऊन कपडे बदलणे आवश्यक असते.

## आरोग्य व सुरक्षितता

### उष्माघात

खानदेशातील रहिवाशांना ४३ अंश तापमानाची सवय असते. त्यामुळे ३३ अंशांचा किनारा त्यांना सौम्य वाटण्याचा संभव असतो. घट्ट, जाड किंवा न श्वसणाऱ्या कपड्यांत तेथे दिवसभर खेळल्यास घामावाटे पाणी व क्षार निघून जातात, पण शरीर थंड होत नाही. चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे ही थकव्याची लक्षणे आहेत. गोंधळलेली अवस्था, शुद्ध हरपणे आणि शरीराचे तापमान ४० अंशांवर जाणे ही उष्माघाताची लक्षणे असून त्यावर तातडीच्या वैद्यकीय उपचारांची गरज असते. रुग्णास सावलीत नेऊन जादा कपडे काढणे, अंगावर पाणी ओतून वारा घालणे हा प्रथमोपचार आहे. उन्हाळी लागू नये म्हणून खिशात कांदा बाळगण्याची लोकसमजूत खानदेशासह अनेक भागांत आहे. तिला शास्त्रीय आधार नाही. पाणी, ताक, पन्हे यांचे सेवन व योग्य कपडे यांचा उपयोग मात्र निश्चित आहे.

### पाण्यातील धोका

सुती कापड भिजल्यावर आपल्या वजनाइतके किंवा त्याहूनही अधिक पाणी धरून ठेवते. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर, तर नऊवारी आठ मीटरहून अधिक लांब असते. लाटेत उभे असताना असे लांब कापड पायांभोवती गुंडाळले जाऊन तोल जाऊ शकतो. पाण्यात ते हालचाल रोखते आणि पाण्याबाहेर येताना त्याचा भार जाणवतो. घेरदार झगा, लांब ओढणी व जीन्स यांनाही हे लागू आहे. नदी-विहिरीत पोहणाऱ्यांनाही समुद्रातील लाटा व खोल पाण्याकडे ओढणारे प्रवाह अपरिचित असतात. त्यामुळे ओढणी व पदर खोचून किंवा काढून ठेवणे, तसेच न पोहणाऱ्यांनी गुडघाभर पाण्यापलीकडे न जाणे हे सावधगिरीचे नियम पाळले जातात.

लहान मुलांच्या कपड्यांचा रंग ही सुरक्षिततेची बाब आहे. फिकट निळा, राखाडी व पांढरा रंग पाण्यात व फेसात मिसळून जातो, तर भडक केशरी, गुलाबी वा लाल रंग दुरून ओळखू येतो. उन्हासाठी फिकट रंग आणि पाण्यासाठी भडक रंग असा येथे विरोधाभास आहे. म्हणून मुलांना वाळूवर फिकट व पाण्यात भडक कपडे घालणे हितावह ठरते.

## सामाजिक संकेत

महाराष्ट्रातील अनेक किनारे देवस्थानांना लागून आहेत. गणपतीपुळे, हरिहरेश्वर व दिवेआगर येथे दर्शन आणि समुद्र यांची सहल एकत्रच होते. अशा ठिकाणी ओल्या किंवा आखूड कपड्यांत देवळात जाणे अनुचित मानले जाते. किनाऱ्यालगतची गावे ही कोळी, भंडारी, आगरी आदी समाजांची वस्ती असल्याने गल्ल्यांतून फिरताना पूर्ण कपडे घालण्याचा संकेत आहे.

पोशाखाच्या संकेतांचा भार स्त्रियांवर अधिक पडतो. पुरुष व मुले अर्ध्या विजारीत पाण्यात उतरत असताना स्त्रिया बहुधा साडी किंवा पूर्ण पंजाबी ड्रेसमध्ये असतात, किंवा सामान सांभाळत काठावर थांबतात. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत वा घोट्यापर्यंत येणारा, लवकर वाळणारा पोहण्याचा पोशाख आता बाजारात मिळतो. त्यात अंग झाकले जाते, ऊन अडते आणि हालचालही मोकळी राहते. त्यामुळे कपड्यांच्या अडचणीपायी काठावरच थांबणाऱ्या स्त्रियांनाही समुद्राचा आनंद सुरक्षितपणे घेता येतो.

## हेही पहा

* जामनेर तालुका
* खानदेश
* तापी नदी
* लुगडे
* खादी
* कोल्हापुरी चप्पल
* उष्माघात
* शून्य सावली दिवस